बोकडासमोर हजेरी

वारंगा फाट्यावर नुकतेच एसटीडी बूथ आले होते, त्या काळातली ही गोष्ट. तिथं एका बियाणे कंपनीचं गोदाम होतं आणि गोदामाला चिकटून दोन खोल्यांचं ऑफिस. मला तिथं बिलं फाडायची नोकरी लागली. कळमनुरीहून मी रोज काळीपिवळीतून दाटीवाटीनं यायची, पण आई शेजारणींना सांगायची की लेक सायबीण झाली.

ऑफिसात साहेब धरून तिघंच. आतल्या खोलीत मॅनेजर, बाहेर मी, आणि गोदामावर एक वयस्कर स्टोअरकीपर. त्यांना सगळा फाटा मामा म्हणायचा, म्हणून मीही.

साहेबांना टेबलावरच्या घंटीचा भारी नाद. पितळेची होती, वरून दाबली की टिंग वाजायची. समोर पडलेला पेन हातात द्यायला घंटी, पंखा आपल्याकडं वळवायला घंटी. जणू कंपनीनं आपल्याला हत्ती दिला आहे आणि तो बसून राहू नये, अशा काळजीनं ते ती वाजवत. बाजाराच्या दिवशी मामांनी साहेबांच्या घरची भाजी आणायची आणि मी ती निवडायची. गिऱ्हाईक बिलासाठी उभं आणि मी मेथी निवडत बसलेली. एकदा मी म्हणाले, सर, हे काम माझं नाही. त्यावर त्यांनी मी बाई आहे याची मला आठवण करून दिली.

एके दिवशी मामा काट्यावर पोती मोजत होते आणि घंटी वाजली. हातातलं पोतं उतरवून ते आले, तेवढ्यानं उशीर झाला. साहेबांनी त्यांना गिऱ्हाइकांदेखत अंगणात उन्हात उभं केलं. घंटी वाजली की असेल तसं यायचं, पुन्हा काही विचारायचं नाही, हा नियमही तिथंच ऐकवला. मामा टोपी हातात घेऊन उभे राहिले. गिऱ्हाइकं दुसरीकडं बघू लागली. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी एकाच बिलावर दोनदा शिक्का मारला.

त्याच आठवड्यात एक मेंढरवाली म्हातारी तिचा कळप घेऊन रस्त्यानं चालली होती. आमच्या अंगणातल्या लिंबाखाली सावलीला थांबली. शेळ्यामेंढ्यांच्या गळ्यात घंट्या. त्यातली एक घंटी वाजली तसे मामा काटा सोडून आत गेले आणि हात जोडून म्हणाले, "जी साहेब."

साहेबांनी बोलावलं नव्हतं. मामा परत फिरले. अंगणात पुन्हा घंटी वाजली, मामा पुन्हा आत. मग मीही उठले. का उठले ते अजून कळत नाही, पण पाय उठले. दोघं ओळीनं साहेबांसमोर उभे. बाहेर आता सगळा कळपच मान हलवत होता.

"मी वाजवली नाही," साहेब दात खात म्हणाले.

"व्हय साहेब," मामा म्हणाले. "पण घंटी वाजली का यायचं, इचारायचं न्हाई, असं तुमीच सांगून राहिले व्हते."

साहेब कळप हाकलायला स्वतः बाहेर धावले. म्हातारी काठी टेकून जागची हलली नाही. सावली कंपनीची हाय काय, असं तिनं शांतपणे विचारलं. साहेब हातवारे करू लागले तशी मेंढरं उधळली, आणि त्या गडबडीत एक काळा दाढीवाला बोकड थेट साहेबांच्या खोलीत शिरला. उठून येताना मी हातात तशीच आणलेली, अर्धवट निवडलेली मेथी साहेबांच्या टेबलावर होती. पुढचे पाय त्यानं टेबलावर ठेवले. एक बराबर घंटीवर पडला.

टिंग.

मामा कमरेत वाकून बोकडासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "जी साहेब, बोलावलं?"

बोकडानं मेथी चावत त्यांच्याकडं पाहिलं. दारात साहेब उभे होते. त्यांच्यामागं गिऱ्हाइकं, त्यांच्यामागं म्हातारी. पहिली हसली ती म्हातारी. मग कोणालाच आवरेना. मी टेबलाखाली पडलेला पेन शोधण्याच्या निमित्तानं खाली बसले आणि पदर तोंडात कोंबला.

घरी जाताना मात्र मला घोर लागला. नोकरी गेली असंच वाटलं. मामांना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली?

"लई वाटली," ते म्हणाले. "पण बोकड बोलण्यात बरा निघाला."

नोकरी गेली नाही. तक्रार वर पाठवायची तर बोकडाचं प्रकरण साहेबांना स्वतःच सांगावं लागलं असतं. चहाच्या टपरीवर मात्र ते दिसले की कोणीतरी कपावर चमचा वाजवायचं आणि तोंड भरून "जी साहेब" म्हणायचं. आठवडाभरात घंटी खणात गेली. साहेब आम्हाला हाका मारू लागले. हाकेतही अरेरावी होतीच, पण मामांना अहो म्हणू लागले आणि उन्हात उभं करणं बंद झालं. मेथी त्यांच्या घरीच निवडली जाऊ लागली.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. निरोपाला मामांनीच हार घातला. साहेब शिस्तीवर बरंच बोलले आणि शेवटी, मी चाललो म्हणून बरं वाटत असेल ना, असं मामांना म्हणाले.

मामांनी खरंच विचार केला. "आत्ताच कसं सांगावं साहेब," ते म्हणाले. "नवा कसा येतो ते बघू द्या."