दोन पिकअपांचा अबोला

कानसेनकडे कुठलं सर्टिफिकेट नाही. माझ्याकडेही नाही, म्हणून आमचं जमतं. आमच्या मोर्चांचे भोंगे तीस वर्षं त्यानेच बोलते ठेवले. पण त्याचा जीव गिटारींत, त्यातही बास गिटारीत. तार छेडून, डोळे मिटून बिघाड सांगणार. कान आधी, मीटर नंतर. ते टोपणनाव काही उगाच पडलेलं नाही.

त्या दुपारी त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले तर हा मांडीवर हात ठेवून बसलेला. टेबलावर बँडमध्ये वाजवणाऱ्या एका बाईंची बास. त्यांच्या पोटापाण्याचं हत्यार. तिच्यात त्याने दुसरं पिकअप बसवलं होतं. पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक वायरीचे वेढे. तारांची थरथर तिथे पकडली जाते. गिटारीच्या मानेजवळचं पिकअप गोल, भरदार आवाज देतं, तारा टेकतात त्या घोडीजवळचं खणखणीत. दोन्ही लावली की दोन्हींची मजा यायला हवी.

"ऐक," म्हणाला आणि सगळ्यात जाड तार छेडली. पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा आवाज. बासचं पोटच गायब.

"जोडणी तीनदा बघितली. पिकअप कोरं. मग उरलं काय? कान गेले माझे. उद्या दुकानाची किल्ली मालकाला देतो."

माझं डोकं फिरलं. "कान गेले असते तर आवाज वाईट आहे हे तरी कळलं असतं का, शहाण्या?"

"तुला भोंग्यातलं कळतं. गप्प बस."

तेवढ्यात त्याची बायको जेवण घेऊन आली. सगळं ऐकून म्हणाली, "एकेक वाजवा बघू."

मानेजवळचं भरदार. घोडीजवळचं खणखणीत. दोन्ही मिळून पुन्हा माशी.

"वेगळी असली की गुणाची, एकत्र आली की अबोला," वहिनी म्हणाल्या. "आपल्या घरात बत्तीस वर्षं हेच चाललंय. एक हो म्हणतंय तेव्हा दुसरं नाही म्हणतंय."

कानसेन ताडकन उठला. पांढरी वायर आवाजाची, काळी अर्थिंगची, हा त्याच्या हाताचा जन्माचा नेम. ह्या नव्या पिकअपच्या कंपनीने रंग उलटे दिले होते. एक पिकअप ढकलायचं तेव्हा दुसरं ओढायचं, आणि खालचे जाड सूर आपसांतच मारले जायचे. चुकला होता हात. कानाने तर पहिल्याच झटक्यात चोर धरला होता.

त्याने कथलाचे डाग सोडवले, वायरी अदलाबदल केल्या, तार छेडली. बशीतले स्क्रू नाचायला लागले. तो खुर्चीत टेकला आणि बराच वेळ नुसता हसत राहिला. वहिनी भाकरी वाढता वाढता डोळे पुसत होत्या.

संध्याकाळी बाई आल्या. वाजवून खूश झाल्या. म्हणाल्या, "काका, हे पिकअप तारांच्या अजून जवळ घ्या ना. दणका वाढेल."

"नको. चुंबक तार ओढेल, सूर डगमगेल."

त्यांचा हट्ट म्हणून त्याने स्क्रू फिरवून वर घेऊन दाखवलं.

"मला तर काही फरक ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या.

"मला येतो," तो म्हणाला आणि पिकअप पुन्हा खाली घेतलं.