सरपंचाचे सोमवार

गोजराबाईंना मी बावीस वर्षं ओळखते आणि त्यातली निदान वीस वर्षं आमचं कशावरून ना कशावरून वाजतच आलेलं आहे. पंचवटीत महादेवाच्या पायऱ्यांच्या कडेला त्या फुलं घेऊन बसतात. मखमलाबादला त्यांचं पाऊण एकर रान आहे, अर्ध्यात झेंडू आणि शेवंती, उरलेल्यात मेथी-कोथिंबीर. मुलगा रवी आणि सून प्रतिभा गावातल्या घरात राहतात. गोजराबाई रानातल्या खोलीत, चूल वेगळी ठेवून, एकट्या. एकट्या म्हणजे कुत्र्यासकट. कुत्र्याचं नाव सरपंच. गाव महापालिकेत गेल्यापासून सरपंच उरला नाही, म्हणून कुणीतरी थट्टेत ठेवलेलं नाव ते.

मी शाळेत छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यामुळे त्या मला बाई म्हणतात आणि भांडून झालं की मी सांगितलेलं करतात.

गेल्या चैत्रात सरपंच शेवंतीच्या वाफ्यात आडवा झाला. अंग ताठ, तोंडाला फेस, चारही पाय हवेत पळताहेत. प्रतिभा कांदा फोडून आली, रवी चप्पल नाकाशी धरून उभा राहिला. दोन मिनिटांनी कुत्रं आपणहून उठलं आणि सगळ्यांकडे अनोळखी असल्यासारखं बघत राहिलं. ज्येष्ठात परत तेच झालं, तेव्हा गोजराबाई फुलं तशीच टाकून माझ्या दारात आल्या.

इंदिरानगरला डॉ. शुभांगी बोरस्ते म्हणून एक हुशार मुलगी आहे. रिक्षावाले कुत्रं बघून पुढे जात होते. शेवटी गोजराबाईंचा पुतण्या मयूर याच्या टेम्पोतून, टोमॅटोच्या क्रेटमध्ये जागा करून, आम्ही तिघं गेलो. डॉक्टर म्हणाली, मिरगी आहे, ही बरी होत नाही, आटोक्यात राहते. सकाळ-संध्याकाळ गोळी, बारा तासांच्या अंतराने, एकही चुकवायची नाही. काही महिन्यांनी रक्त तपासायचं. हे जन्मभर.

गोजराबाईंनी एकच प्रश्न विचारला. "जन्मभर म्हंजी कुणाच्या? ह्याच्या का माझ्या?"

डॉक्टर हसली. मला हसू आलं नाही. बाईंचं वय सत्तरीला टेकलेलं, कुत्रं पाच वर्षांचं.

पहिल्याच आठवड्यात सरपंचाने गोळी ओकून टाकली. मी गोजराबाईंना दरडावून सांगितलं की उपाशी पोटी गोळी द्यायचीच नाही, काही झालं तरी नाही. त्यांनी मान डोलावली. भाकरी दुधात कुस्करून त्यात गोळी, असं ठरलं आणि आषाढ शांततेत गेला.

श्रावणापासून मात्र बिनसलं. दोन महिन्यांनी येणारे झटके आठवड्या-दोन आठवड्यांनी यायला लागले. डॉक्टरने गोळीचं प्रमाण वाढवलं, मग आणखी वाढवलं, मग दुसरी गोळी जोडली. ही दुसरी महाग. त्यापायी गोजराबाईंची शेळी विकली गेली. दसऱ्याचा झेंडू चांगला निघाला होता, तोही रक्ताच्या तपासण्यांत आणि टेम्पोत गेला. एवढं करून सरपंचाचे मागचे पाय लटपटायला लागले. पाणी पितो तर अर्धी बादली, खा-खा तर अशी की फुलांची टोपलीसुद्धा चाटून बघायचा. गोजराबाईंची तऱ्हा त्याहून वाईट. गिऱ्हाइकाशी बोलताना निम्मं लक्ष पायाशी बसलेल्या कुत्र्याकडे. हार ओवता ओवता मध्येच थांबून त्याच्या बरगडीवर हात ठेवून बघायच्या. माझ्या फोनची रिंग वाजली की मीही हातातलं टाकून धावायचे, आणि हे मला मुळीच आवडत नव्हतं.

रवी दुष्ट नाही, हे आधी सांगते. त्याची मुलगी दिशा तीन वर्षांची आहे, कुत्रं रानात असलं की त्याच्या गळ्यात पडलेली असते. झटका आला की जबडा आवळतो आणि समोर हात आहे की काय, ते कुत्र्याला कळत नाही. रवीने दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर थांबलं नाही तर इंजेक्शन देऊन मोकळं करायचं. आईसमोर बोलला आणि मग बाहेर येऊन मला हळूच विचारलं, "बाई, त्याला दुखत नाय ना त्यात?"

मी म्हटलं, दुखत नाही. पण मला राग आला होता. त्याच्यावर नव्हे, काही उमगत नाही म्हणून. डॉक्टर जे सांगेल ते ही बाई करते आहे, मग आजार वाढतो कसा? मी गोजराबाईंना कामाला लावलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी झटका येईल त्या तारखेला कुंकवाचं बोट लावायचं. मागचे आठवतील तेही लावायचे.

दसऱ्यानंतर मी ते कॅलेंडर घरी आणून टेबलावर पसरलं. श्रावणापासूनचे लाल ठिपके मंगळवारी. एक बुधवारी, बाकी सगळे मंगळवारी.

मला आधी शेजारच्या द्राक्षबागेचा संशय आला. छाटणीनंतर तिथे औषधं मारतात. मी थेट बागेचा मालक वाळू याच्याकडे गेले आणि त्याला मंगळवारच्या फवारणीबद्दल चांगलं सुनावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की आमची फवारणी गुरुवारी असते. मग पाणी विचारलं. मी न पिताच निघाले आणि तशीच गोजराबाईंच्या खोलीवर धडकले.

"सोमवारी काय करता तुम्ही?"

"सोमवारी काय? देवळात गर्दी, बेल-फूल इकायचं. आन् उपास."

"कसला उपास?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की एवढंही कसं माहीत नाही. श्रावणातल्या पहिल्या सोमवारापासून सोळा सोमवार धरले होते त्यांनी, कुत्र्याला बरं वाटावं म्हणून. तेही स्वतःच्या कडक रीतीने. दिवसभर पाणी आणि टपरीवरचा कोरा चहा, चूल पेटायची ती मंगळवारी सकाळीच. अकरा झाले होते.

"आणि सरपंच?"

"तो बी धरतो. त्याच्यासाठीच हाय ना, मग त्याला नको? लोकं त्याच्या पाया पडत्यात, बाई."

सोमवारच्या गर्दीत मी त्या बाजूला फिरकत नाही, म्हणून हे वैभव माझ्या नजरेतून सुटलेलं.

"आणि गोळी?"

"उपाशी पोटी गोळी नाय द्यायची, तुम्हीच सांगितलंय. पण चुकवीत नाय हां मी. मंगळवारी जास्तीच्या देते."

दर आठवड्याला एक अख्खा दिवस औषध बंद, दुसऱ्या दिवशी दुप्पट. झटके का, पाय का लटपटतात, सगळं तिथे होतं. आणि वर डॉक्टर प्रमाण वाढवत होती, कारण तिला आम्ही दोघींनी छाती ठोकून सांगितलं होतं की एकही गोळी चुकलेली नाही.

मी ओरडले नाही. ओरडायला तोंड नव्हतं, कारण नियम माझा होता. मी तो देताना डॉक्टरचा नियम मोठा की माझा, ते सांगायचं विसरले होते. तेवढं मी त्यांना सांगितलं. त्या झेंडूची वाळलेली फुलं निवडायला लागल्या.

"म्हंजी मी उपासानं त्याला आजारी पाडला."

"आपण दोघींनी."

"पाच राह्यले बाई. आता सोडले तर अकरा वाया जात्यात."

मी म्हटलं, तुम्ही सोडू नका, त्याला जेवू घाला. त्यावर त्या म्हणाल्या, व्रत एकाचं आणि जेवण दुसऱ्याचं, देवाला हे चालायचं नाही. वाद घालायला गेले असते तर मी हरले असते, म्हणून उठून आले. आठवडाभर मला चैन नव्हतं. डॉक्टरला फोन करून खरं सांगितलं. तिने आधी रागावून घेतलं आणि मग दुसरी गोळी हळूहळू कमी करायचं ठरवलं.

पुढच्या सोमवारी मी गर्दीत शिरले. सकाळचे आठ वाजले होते. गोजराबाईंनी टोपलीतून फडकं काढलं, भाकरी दुधात कुस्करली, आत गोळी दाबली आणि सरपंचापुढे धरली. बेल घ्यायला थांबलेली एक बाई म्हणाली, "अहो मावशी, ह्याचा सोमवार ना?"

"मोडला. देवाशी बोलणं माझं झालंय. ह्याला मी न इचारता धरायला लावला होता."

आणि स्वतः कोरा चहा प्यायल्या.

दिवाळी झाली. पाच आठवडे काही झालं नाही, ते पाच आठवडे आम्ही दोघी मंगळवार उजाडला की एकमेकींना फोन करत होतो. सहाव्या आठवड्यात एक झटका आला, गुरुवारी. गोजराबाईंनी लगेच फोन केला. गोळी वेळेवर, भाकरी वेळेवर, उपास नाही, फवारणी नाही, मग आता ह्याचं काय शोधायचं, असं त्या परत परत विचारत होत्या. मला उत्तर माहीत होतं. हा आजार असाच असतो, सगळं नीट करूनही मधूनच येतो. पण मी ते सांगणार, तोच फोन रवीने घेतला.

"दीड मिनिट, बाई. मोबाइल लावून मोजलं मी. दिशाला प्रतिभानं लांब नेलं होतं. डॉक्टरला इचारा, दीड चालतं का?"

दिवाळीची मुदत कधीच उलटली होती, पण इंजेक्शनचं तो काही बोलला नाही. मी डॉक्टरला फोन लावला, तो व्यस्त लागला, म्हणून परत लावला.