मंडळाच्या सतरंजीवर ढब्बू

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळींत शैलजाची ओळख तिच्या जमिनीवरून आहे. जमीन म्हणजे शेतीवाडी नव्हे, घरातली. काही वर्षांपूर्वी तिनं "ह्यात काय काय रुतून बसलंय ते देवालाच माहीत" असं म्हणत घरभरचं कार्पेट उपटून काढलं आणि खाली मधाच्या रंगाचं गुळगुळीत लाकूड बसवून घेतलं. तेव्हापासून तिच्याकडे पहिल्यांदा मोजे घालून आलेला पाहुणा दारातून थेट डायनिंग टेबलापर्यंत घसरत जातो आणि मग नमस्कार करतो. नवरा विष्णू गाड्यांच्या कंपनीतून नुकताच निवृत्त झालेला इंजिनिअर, पण स्वतःच्या घरात चहाचा भरला कप घेऊन चालायची त्याला परवानगी नाही.

अशा घरात ढब्बू नावाचा लॅब्रॅडॉर राहतो, हेच मुळात नवल. लेक अनिकानं शाळेत असताना रडून-रुसून तो आणला. अनिका मोठी झाली, नोकरीला दूर क्युपर्टिनोला गेली, आणि ढब्बू राहिला "कुत्रा घरात आला तर मी नागपूरला परत जाईन" म्हणणाऱ्या आईकडे. ती काही नागपूरला गेली नाही. उलट ढब्बूसाठी गाजरं सोलायला लागली. विष्णूला गाजर न सोलता मिळतं, हे त्यानंच चारचौघांत सांगितलेलं आहे.

ह्या हिवाळ्यात ढब्बू लंगडायला लागला. आधी वाटलं, बर्फात पाय मुरगळला असेल. निघाला हाडातला ट्यूमर. मागचा उजवा पाय पार खुब्यापासून काढावा लागला. घरी पाठवताना प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. "आपल्याला चार पाय होते हे कुत्रा लवकर विसरतो, घरचे विसरत नाहीत. त्याला उचलून फिरवू नका. लाडानं खायला घालू नका, तीन पायांना वजन पेलत नाही. घसरणार नाही असं काहीतरी जमिनीवर घाला. पोटाखालून टॉवेल घेऊन मागचा भार तेवढा सांभाळा. बाकीचं त्याला करू द्या."

इतकं साधं. आणि आपल्या लोकांनी त्यातलं नेमकं उलटं सगळं केलं!

विष्णूनं त्याला उचललं. बागेत न्यायला उचलायचं, आणायला उचलायचं, पाण्याच्या भांड्याशी न्यायलाही उचलायचं. पस्तीस किलोंचा कुत्रा आणि साठी ओलांडलेला नवरा. दोघांतला नक्की पेशंट कोण, हे खिडकीतून बघणाऱ्याला कळू नये. अनिका व्हिडिओ कॉलवरून ओरडायची, "बाबा, पुट हिम डाउन! स्टॉप बेबीइंग हिम!" बाबा म्हणायचे, "हो गं," आणि फोन बंद झाला की परत उचलायचे.

मग सुरू झाले समाचाराला येणारे. आजाऱ्याला भेटायला जाणं हे आपल्याकडे कर्तव्य, आजारी कुत्रा असला म्हणून काय झालं? रिकाम्या हातानं जायचं नाही, हेही ठरलेलंच. मराठी मंडळातली रेणू साबुदाणा खिचडी घेऊन आली. कुणी शंकरपाळे आणले. सगळे ढब्बूसमोर ओळीनं बसले आणि "बिचारा" म्हणाले. मग ज्याच्या-त्याच्या माहितीतलं असंच आजारी पडलेलं आणि शेवटी गेलेलं जनावर आठवून आठवून सांगण्यात आलं. ढब्बूच्या गळ्यात टाके चाटू नयेत म्हणून घातलेली प्लास्टिकची भलीमोठी, नरसाळ्यासारखी कॉलर, त्यामुळे त्याला एकेक शब्द कर्ण्यातून आल्यासारखा ऐकू जात असणार.

"त्यापेक्षा इंजेक्शन देऊन शांतपणे कायमचं झोपवलेलं काय वाईट?" असं रेणू हळूच म्हणाली. हळूच म्हणजे, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच हळू.

शैलजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं पुण्याच्या नवऱ्याबरोबर राहून तिची भाषा घासूनपुसून लख्ख झाली आहे, पण राग आला की आतलं नागपूर उसळून वर येतं. "काहून? तुमच्या घरी कुणी आजारी पडलं की तुम्ही झोपवून टाकता काय? ह्या घरात 'बिचारा' म्हणायचं नाही. ज्याला म्हणायचं असंल त्यानं गॅरेजमध्ये जाऊन म्हणावं!"

रेणूनं रिकामा डबासुद्धा परत मागितला नाही.

पण खरी अडचण रेणू नव्हती. अडचण होती ती लाडकी जमीन. शैलजानं तिच्यावर न्हाणीघरातली दोन पायपुसणी टाकली होती, तीही नाइलाजानं. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी ढब्बू धीर करून उठला, पायपुसण्यावरून पुढे लाकडावर आला, आणि तीन पाय तीन दिशांना गेले. तो धाडकन पडला. कॉलर खाडकन वाजली. त्यानंतर त्यानं उठायचं नावच घेतलं नाही. जमिनीकडे बघायचा तो असा, की समोर नदीला पूर आलाय आणि नावाडी घरी गेलाय.

आठवडा गेला, दुसरा उजाडला. शेवटी विष्णू भाजी निवडता निवडता खाली मान घालून म्हणाला, "शैला, सोमवारी टाके काढायला जाऊ, तेव्हा डॉक्टरला विचारून बघू या का? म्हणजे... आपण त्याला उगीच तर ओढत नाही ना?"

 शैलजानं समोरची मेथीची जुडी उचलली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन निवडत बसली. रेणू परकी. पण घरच्या माणसानंही तेच म्हणावं? तेही सोमवारची तारीख नक्की करून? मेथीच्या काड्या तिनं अशा मोडल्या की त्यांनी तिचं काय वाकडं केलं होतं कोण जाणे.

मेथी संपली आणि ती ताडकन उठून तळघरात गेली.

आता ते तळघर काय आहे हे सांगायला हवं. मंडळाचं सगळं सामान शैलजाच्या तळघरात असतं. गणपतीचं मखर, समया, स्टीलची ताटं आणि भारतातून जहाजानं आणलेल्या चार लांबलचक, जाडजूड, निळ्या-तांबड्या पट्ट्यांच्या सतरंज्या. पाडव्याच्या पंगतीसाठी. त्यांना देवाखालोखाल मान. शैलजानं त्या एकेक करून ओढत वर आणल्या आणि ढब्बूच्या गादीपासून मागच्या दारापर्यंत रस्ता अंथरला.

चाचणी कुणावर? अर्थात नवऱ्यावर. इंजिनिअर विष्णू पहिलं पाऊल टाकून सतरंजीसकट जो निघाला तो फ्रिजला जाऊन थांबला. मग दोघांनी दुकानातून ड्रॉवरमध्ये डब्यांखाली घालायची रबरी जाळी आणली, सतरंज्यांखाली पसरली, आणि विष्णू पुन्हा चालला. ह्या खेपेला उभाच राहिला. जिच्यावर कुणाला साधी खुर्ची सरकवू दिली नाही, त्या मधाळ जमिनीचा एक तुकडाही आता दिसत नव्हता. शैलजानं ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.

ढब्बूनं सतरंजीवर नाक ठेवलं. आणि काय सांगावं! इतक्या वर्षांच्या पंगती त्या विणीत मुरलेल्या. कुठे श्रीखंड सांडलेलं, कुठे मसालेभाताचं तूप, कुठे कुणाच्या नातवानं लपवलेला पुरीचा तुकडा. माणसाच्या नाकाला धुतलेली सतरंजी, कुत्र्याच्या नाकाला अख्खं ताट. शैलजानं पोटाखालून टॉवेल धरला आणि तो एका डागावरून दुसऱ्या डागावर हुंगत, उड्या मारत निघाला. रोज थोडं थोडं पुढे. टॉवेल असला तर मागच्या दारापर्यंत जायचा. टॉवेल सोडला की मटकन बसायचा. आपलं आपण उठणं काही जमत नव्हतं, आणि सोमवार जवळ येत होता.

त्यात गुरुवारी मंडळाचे अध्यक्ष शशिकांत आणि त्यांच्या पत्नी सुचित्रा आले. हातात पेढ्यांचा डबा, तोंडावर समाचाराचा भाव. पण एका दगडात दोन पक्षी मारायचे होते: शनिवारच्या पाडव्याच्या पंगतीसाठी सतरंज्या न्यायच्या होत्या. दारात बूट काढता काढता शशिकांतरावांची नजर आत गेली आणि समाचार तिथेच संपला.

"वहिनी! ह्या मंडळाच्या सतरंज्या आहेत?"

"आहेत."

"आणि ह्यावर हे... कुत्रं?"

"ढब्बू नाव आहे त्याचं. तुम्ही ओळखता त्याला. गणपतीला त्यानं तुमची चप्पल नेली होती."

"अहो, ह्यावर लोक जेवायला बसतात! पूजा होते!" सुचित्रा पेढ्यांचा डबा छातीशी धरून म्हणाल्या. जणू सतरंजी नाही, प्रत्यक्ष देव्हाराच अंथरला होता. "कमिटीत हे कळलं तर काय म्हणतील?"

"कोण बसतं?" शैलजा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "नाव सांगा ना. गेल्या पाडव्याला सतरंज्या घातल्या, फोटो काढले, आणि पहिला वरणभात यायच्या आत सगळे खुर्च्या मागून राहिले होते. कुणाची पाठ, कुणाचा गुडघा! शेवटपर्यंत खाली मांडी घालून बसलं ते एकच पोरगं, तेही फोन बघत. तुम्ही तर बसलेच नाही, शशिकांतराव. तुम्ही उभ्यानंच आग्रह करून राहिले होते."

शशिकांतरावांना मिरच्या झोंबल्या. "तो तत्त्वाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. आणि तत्त्वासाठी ते मागच्या दाराशी गेले, काउंटरला धरून कसेबसे खाली टेकले, आणि त्या टोकाकडून सतरंजी गुंडाळायला लागले.

आता शैलजाचा आवाज चढला. विष्णू "अगं, अगं" करत मध्ये आला, तर त्यालाही मिळालं. "तुम्ही गप्प बसा! तुम्ही तर सोमवारचा मुहूर्त काढून ठेवलाय!" मग ती अध्यक्षांकडे वळली. "मागच्या वर्षी तुमचा गुडघा बदलला, आठवतं काय? तुम्ही घरी आले, पाऊल टाकायचं म्हटलं की तुमच्या डोळ्यांत पाणी यायचं. महिनाभर सगळ्यांनी डबे पाठवले. माझ्या डब्यात मीठ कमी म्हणून तुम्ही निरोपही पाठवला होता. तेव्हा कुणी म्हटलं का हो, की बिचारे शशिकांतराव, आता त्यांना शांतपणे झोपवून टाकू या?"

सुचित्रांना एकदम खोकला आला. तो खोकला नव्हता हे सगळ्यांनाच कळलं.

 शशिकांतरावांनी सतरंजीची आणखी एक वळी घातली. आणि त्याच वेळी मागे खाडकन आवाज झाला.

ढब्बूची कॉलर सोफ्याच्या पायाला आपटली होती. तो उठत होता. पुढचे दोन पाय रोवलेले, मागचा एक थरथरतोय, आणि डोळे त्या वळीवर. त्याच्या वासांचा रस्ता, श्रीखंडापासून मसालेभातापर्यंतचा, कुणीतरी डोळ्यांदेखत गुंडाळून नेत होतं.

विष्णू पुढे धावला.

"हात लावायचा नाही!" शैलजा ओरडली. "कुणीच नाही!"

ढब्बू डगमगला, एकदा बाजूला कलला, आणि मग तो सरळ झाला. एक उडी. थांबला. दुसरी. घरात फक्त त्याच्या नखांची खरखर. अध्यक्षांपर्यंत येऊन त्यानं न गुंडाळलेल्या सतरंजीच्या अगदी टोकाला बूड टेकलं आणि त्यांच्याकडे बघत बसला. अशी बैठक मंडळात गेल्या कित्येक वर्षांत कुणी मारली नव्हती.

शशिकांतरावांनी वळी सोडली. "बरं," ते म्हणाले. "बरं. राहू दे." आणि उठायला गेले.

उठताच येईना. नवा गुडघा वळेना, जुना ऐकेना. सुचित्रांनी एक हात ओढला, विष्णूनं दुसरा, आणि अध्यक्ष मध्येच लोंबकळले. ढब्बू मान वाकडी करून बघत होता. त्याला बाहेर जायचं होतं आणि दारात अध्यक्ष.

"असं ओढू नका, खांदा जाईल," म्हणत शैलजानं खुर्चीवरचा टॉवेल उचलला, ढब्बूचाच, आणि शशिकांतरावांच्या काखेखालून घातला. "मी उचलणार नाही. मी फक्त धरीन. जोर तुम्ही लावायचा. डॉक्टरीणबाईंनी असंच सांगितलंय."

"वहिनी, ह्याला कुत्र्याचा वास येतोय."

"येईलच. लावा जोर."

लावला. उभे राहिले. दार मोकळं झालं तसा ढब्बू त्यांच्या पायाला कॉलर घासत बाहेर गेला, अर्धवट वितळलेल्या बर्फात उभा राहिला आणि निवांतपणे मोकळा झाला. पाय वर करायची कटकट त्याच्यापुरती आता कायमची मिटली होती. विष्णू काचेला नाक लावून बघत होता आणि चष्मा पुसत होता. शैलजानं तोंडानं काही त्याला माफ केलं नाही. फक्त रात्रीच्या मेथीच्या भाजीत त्याच्या आवडीचा लसूण जास्त पडला.

सोमवारी टाके निघाले. डॉक्टरीणबाईंना काहीही विचारावं लागलं नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, की ह्याचं वजन कशामुळे वाढलंय? विष्णू छताकडे बघत राहिला. पेढ्यांचा डबा सुचित्रा विसरून गेल्या होत्या, एवढंच सांगून ठेवते.

पण त्याआधी शनिवारी पंगत झाली. शाळेच्या कॅफेटेरियात, सतरंज्या ढब्बूकडेच राहिल्यामुळे फोल्डिंगच्या खुर्च्यांवर, आणि पहिल्यांदाच लोक शेवटच्या ताकापर्यंत बसून जेवले. शशिकांतरावांनी माइक हातात घेतला. "ज्येष्ठांच्या सोयीचा विचार करून कमिटीनं यंदापासून खुर्च्यांची व्यवस्था केली आहे." टाळ्या झाल्या. रेणूनं सगळ्यात जास्त वाजवल्या.

शैलजाच्या हातातली पुरी ताटात पडली. "कमिटीनं?" ती विष्णूला म्हणाली, तेही माइकवर ऐकू जाईल अशा बेतानं. "कमिटीनं व्यवस्था केली? थांबा, मी आत्ता उठून सांगते कुणी केली ते!"

आणि ती उठली.