मदर आणि सिस्टर

बोलता बोलता समोरच्याचं मनगट हातात घ्यायची त्यांना सवय होती. तुम्ही घरातलं भांडण सांगत असा नाहीतर नळाला पाणी नसल्याचं रडगाणं, त्यांची तीन बोटं तुमच्या नाडीवर आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर असायची. तुमचं सांगून झालं की मनगट सोडून द्यायच्या आणि म्हणायच्या, "ह्यानं कुणी मरत न्हाय बघ."

ते म्हणायचा त्यांना अधिकार होता. सोलापुरातल्या एका मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं त्या बाळंतपणाच्या वॉर्डात होत्या. आमच्या पिढीतलं निम्मं शहर त्यांनीच पहिल्यांदा उचलून उलटं धरलं, पाठीवर चापट मारली आणि रडवलं. नाव होतं त्यांना, पण ते कुणाच्या जिभेला वळायचं नाही. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत.

त्या मूळच्या ब्रह्मदेशच्या. रंगूनवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा नर्सिंग शिकत होत्या. एका आजारी मद्रासी बाईला सांभाळत, पळणाऱ्या हजारो माणसांबरोबर डोंगरातून चालत त्या हिंदुस्थानात आल्या. ती बाई वाटेतच गेली. पुढे मिशनच्या कुणा डॉक्टरांनी त्यांना सोलापूरला धाडलं, चार महिन्यांसाठी. ते चार महिने संपलेच नाहीत. मराठी त्या शिकल्या बाळंतिणींकडून, करकंब-सांगोल्याकडून बैलगाडीतून आलेल्या बायकांकडून. त्यामुळे आम्ही शहरातल्या मुली 'आहे' म्हणायचो आणि ब्रह्मदेशच्या सिस्टर 'हाय' म्हणायच्या.

माझी त्यांची ओळख त्या निवृत्त झाल्यावरची. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. मी नव्या पेठेतल्या एका टायपिंग क्लासमध्ये शिकवत होते आणि मधल्या वेळात लोकांचे इंग्रजी अर्ज टाइप करून देत होते. एका दुपारी सिस्टर आल्या, स्टुलावर बसल्या, आधी माझी नाडी बघितली आणि मग सांगितलं, "पोरी, मी परकी हाय म्हणं. कालपास्नं."

झालं होतं ते असं. रंगूनला त्यांची आई होती, ऐंशीच्या घरातली. धाकटी बहीण तिला सांभाळत होती. युद्ध संपल्यावर पत्रं सुरू झाली होती, मग तिकडे लष्कराचं राज्य आलं तशी ती वर्षाला एक-दोनवर आली, पण थांबली नाहीत. आता नोकरी संपली, एकदा आईला बघून यावं, म्हणून सिस्टरांनी पासपोर्टची चौकशी केली. जन्मस्थानाच्या रकान्याशी गाडी अडली. एक साहेब म्हणाले, घटना लागू झाली त्याच्या आधी पाच वर्षांहून जास्त इथं होतात, म्हणजे तुम्ही भारतीयच. दुसरे साहेब म्हणाले, तसं असेल, पण ब्रह्मदेश कायमचा सोडल्याचा कागद कुठाय? सिस्टरांनी त्यांना सांगितलं, सोडताना कागद घ्यायला कुणी थांबलं नव्हतं. मग दोघांचं एवढ्यावर एकमत झालं, की निर्णय होईपर्यंत परकीय नागरिक म्हणून नोंद करून घ्यावी, ते बरं. आणि देश सोडून गेलात तर परत कशा येणार, हे आम्हाला सांगता येणार नाही.

तीस वर्षं सोलापुरात काढून सिस्टर त्या दिवशी परदेशात राहायला आल्या.

परकीयांची नोंद पोलीस कचेरीत एका हवालदाराकडे होती. तो त्यांच्याच हातावर जन्मलेला. सिस्टर समोर आल्या की तो उठून उभा राहायचा, खुर्ची द्यायचा आणि मग त्याच खुर्चीतल्या बाईला परकी म्हणून लिहायचा. अंगावरची ओळखीची खूण विचारायची पाळी आली तेव्हा तो खाली बघून पुटपुटला. सिस्टर म्हणाल्या, "तुजी खूण मला ठाव हाय. माजी तू लिव्ह." कचेरी हसली, हवालदाराचे कान लाल झाले.

जाता येत नाही तर आईला आणि बहिणीलाच इकडे बोलवायचं, असं सिस्टरांनी ठरवलं. बोलावणाऱ्याने इथून हमीचा अर्ज करायचा, तो पोलिसांकडून मुंबईला, मुंबईहून दिल्लीला, आणि मंजुरी झाली की रंगूनमध्ये व्हिसा. ऐकायला सोपं होतं.

पहिलाच घोटाळा नावांचा. अर्जात आडनाव हवं, वडिलांचं नाव हवं. ब्रह्मदेशात आडनाव नसतंच. सिस्टरांचं, आईचं, बहिणीचं आणि वडिलांचं, चारही नावांत एक अक्षर सारखं नव्हतं. मग तुम्ही एका घरच्या हे कशावरून, असं हवालदारानं विचारलं. सिस्टरांनी समजावलं, की आमच्यात जन्मवारावरून नाव ठेवतात. मी गुरुवारची, धाकटी मंगळवारची. हवालदारानं मान डोलावली आणि धाकटीच्या पत्त्यापुढे मंगळवार पेठ लिहून टाकलं. तो कागद दुरुस्त करायला आम्हाला दोन आठवडे लागले, कारण मंगळवार पेठेत आधीच राहणाऱ्या बाईला व्हिसा कशाला, असा शेरा त्यावर पडला होता.

शेवटी अर्ज नीट झाला. मी तो अगदी जीव लावून टाइप केला. इंग्रजीत लिहिलं, की मी माझ्या मदर आणि सिस्टर यांना सोलापूरला बोलावू इच्छिते. दोन्ही शब्दांची पहिली अक्षरं मी मोठी केली, आदर म्हणून. आईला लहान अक्षरात लिहायचं मला बरं वाटेना. सोबत दवाखान्याच्या डॉक्टरांनी आपल्या छापील कागदावर सिस्टरांच्या चांगल्या चालचलणुकीचं पत्र दिलं. एवढं भक्कम काम झालं म्हणून आम्ही दोघींनी समोरच्या हॉटेलात चहा मागवला.

अकरा महिन्यांनी उत्तर आलं. त्यात विचारलं होतं, की सदर मदर व सिस्टर कोणत्या धर्मसंस्थेच्या आहेत, भारतात त्या कोणतं धर्मकार्य करणार आहेत आणि हे कार्य भारतीय व्यक्तीकडून का होऊ शकत नाही.

मी ते तीनदा वाचलं. सिस्टर समोर बसल्या होत्या. "काय म्हणत्यात?" त्यांनी विचारलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिशनच्या दवाखान्याचा कागद, बोलावणारी सिस्टर, आणि येणाऱ्या कोण, तर मोठ्या अक्षरातल्या मदर आणि सिस्टर. दिल्लीतल्या कुणीतरी तो अर्ज मिशनऱ्यांच्या गठ्ठ्यात टाकला होता. परदेशी मिशनऱ्यांचे अर्ज त्या काळात वर्षानुवर्षं पडून राहायचे. मी खरं ते सांगितलं. चूक माझी आहे, असंही म्हटलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"नाडी पळाय लागली की तुजी," त्या म्हणाल्या. "अगं, आई ती आई. तिला मोठ्या अक्षरात लिव्हलं तर काय बिगडलं? ह्यानं कुणी मरत न्हाय."

दुसरा अर्ज त्याच दिवशी टाइप केला. या वेळी मी लिहिलं, मला जन्म देणारी बाई आणि तिच्याच पोटची दुसरी मुलगी. इंग्रजी भिकार झालं, पण अर्थ चुकायला जागा ठेवली नाही.

त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी सिस्टर क्लासला आल्या. शिकवणी चालू होती, आठ यंत्रं खडखडत होती. त्या स्टुलावर न बसता दाराशीच उभ्या राहिल्या. मी बाहेर गेले.

"अर्जातनं एक नाव काढायचं हाय," त्या म्हणाल्या. "आई गेली."

मी 'कधी' असं विचारलं. अडीच महिने झाले होते, पत्र आत्ता पोचलं होतं. म्हणजे आम्ही दुसरा अर्ज टपालात टाकला त्याच सुमाराला. मग त्या मला म्हणाल्या, आत जा, पोरी खोळंबल्यात. आणि जिना उतरून गेल्या.

त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण एक गोष्ट मी पाहिली, तुम्हीही असता तर पाहिली असती. त्या दिवसानंतर 'ह्यानं कुणी मरत न्हाय' हे वाक्य त्यांनी मला पुन्हा ऐकवलं नाही. इतरांना म्हणायच्या. माझी नाडी बघायच्या, घड्याळाकडे बघायच्या आणि नुसतं मनगट सोडून द्यायच्या.

धाकटीला मात्र व्हिसा मिळाला. तीन महिन्यांचा. कसा मिळाला हे मला अजून कळलेलं नाही, कारण आमच्या शेवटच्या तीन पत्रांना काही उत्तरच नव्हतं. कलकत्त्याला उतरून, मद्रासमार्गे ती सोलापूरला यायची होती. सिस्टरांनी मला स्टेशनवर बरोबर नेलं. पांढरी साडी, दवाखान्यातलीच, पण कडक इस्त्री केलेली. गाडी दीड तास उशिरा होती. एवढ्या वेळात त्यांनी एकदाही कुणाचं मनगट धरलं नाही.

डब्यातून एक किरकोळ अंगाची बाई उतरली, घोट्यापर्यंत रेशमी लुंगी नेसलेली, केसांचा उंच अंबाडा. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. धाकटी काहीतरी बोलली, लांबलचक, गाण्यासारखं. सिस्टरांनी तोंड उघडलं, ओठ हलवले, मिटले. पुन्हा उघडले.

"आलीस व्हय?" त्या म्हणाल्या.

धाकटीला कळलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. सिस्टरांनीही माझ्याकडेच बघितलं, जणू ती भाषा मला येत होती. "शब्द न्हाईत गं," त्या मला म्हणाल्या. "वाचता येतं मला, पत्रं वाचते की. बोलाया जाते तर मराठीच येतंय." टांग्यात दोघी शेजारी बसल्या, हात हातात घेऊन. सात रस्ता येईपर्यंत मी एकटीच बोलत होते, हा तलाव, तो किल्ला, असं काहीबाही.

घरी आल्यावर धाकटीनं सामानातून एक पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं. आत वाटून मुरवलेली मासळी होती. तो वास मी वर्णन करू शकणार नाही. वरच्या मजल्यावरचे घरमालक अण्णा, घरात अंडंही न आणणारे, माळ्यावर घूस मेली असं समजून शिडी शोधायला लागले. मी पदर नाकाला लावून दारात गेले. आणि मागे वळून बघते तर सिस्टर डब्यावर वाकल्या होत्या आणि बोलत होत्या. आधी एक शब्द, मग दोन, मग तुटकतुटक वाक्य. धाकटी हसत होती, चुका दुरुस्त करत होती. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. सिस्टर त्या भाषेत बोलायच्या तेव्हा त्यांचा आवाज बारीक व्हायचा, मुलीसारखा. मी अण्णांना सांगितलं, की औषध आहे, रंगूनचं. त्यांनी शिडी परत ठेवली.

तीन महिने मी रोज संध्याकाळी जायची. धाकटीला चार मराठी शब्द आले, त्यातले दोन हवालदारानं शिकवलेले होते, कारण दर पंधरवड्याला हजेरीला जावं लागायचं. एके दिवशी सिस्टर पाणी भरायला गेल्या असताना तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. कंबर वाकवून, काठी टेकत चालून दाखवलं, म्हणजे आई. मग गाठोडं बांधल्याचं दाखवलं, म्हणजे इकडे निघायची तयारी. ते दाराशी ठेवलं. बोटांवर महिने मोजले. गाठोडं सोडलं, कपडे उन्हात घातले, पुन्हा बांधलं, पुन्हा दाराशी. तिला वाटत असावं, की ही गोष्ट आईवर माया करणाऱ्या कुणालाही आवडेल. ती हसतच सांगत होती. मी पण हसले. काय करणार?

सिस्टर कळशी घेऊन आत आल्या आणि एका नजरेत त्यांना कळलं. त्या बहिणीला काहीतरी तोडून बोलल्या. मग मला म्हणाल्या, "हे तुला सांगायचं नव्हतं मला." कळशी ठेवली, आणि आम्ही तिघींनी चहा प्यायला.

मुदत वाढवून मिळावी म्हणून अर्ज केला होता. उत्तर आलं नाही, धाकटी परत गेली. तिची नातवंडं तिकडे होती, राहणं तिला शक्यही नव्हतं. गाडी सुटल्यावर सिस्टर फलाटावर बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, की आता बोलायची सवय राहावी म्हणून रोज मोठ्यानं पत्रं वाचीन. वाचायच्याही. अण्णा वरून ऐकत आणि मला सांगत, सिस्टरांचं स्तोत्र झालं.

त्यानंतर दोन वर्षांनी त्या गेल्या, त्यांच्याच जुन्या दवाखान्यात, दोन दिवसांच्या तापानं. माणसं इतकी जमली, की त्यांतल्या कितीजणांना त्यांनी जगात आणलं असेल याचा अंदाज करत मी उभी होते. धाकटीला मी पत्र लिहिलं, इंग्रजीत, सोप्यात सोप्या शब्दांत. कुणीतरी तिला वाचून दाखवलं असेल.

पंधरवड्यानं हवालदार क्लासवर आला. हातात सिस्टरांची फाईल होती. परकीय व्यक्तीची फाईल बंद करायची तर एक छापील तक्ता भरावा लागतो, तेवढा टाइप करून हवा, असं तो म्हणाला. मी कागद यंत्राला लावला. नाव, जन्मस्थान, आल्याचं वर्ष भरलं. शेवटच्या ओळीत दोनच पर्याय छापलेले होते, मायदेशी परत, किंवा दुसऱ्या जिल्ह्यात रवाना. खाली सूचना होती, लागू नसेल ते खोडावे.

हवालदार माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "बाई," तो म्हणाला, "ह्यातलं कुठलं खोडायचं?"

आम्ही दोघांनीही बराच विचार केला. मग ती ओळ होती तशीच ठेवून मी कागद काढून त्याच्या हातात दिला. वरून कधी कुणी विचारलं नाही.