मास्तरांचं स्टूल

"चढा," एवढंच मास्तर म्हणायचे. हातातल्या खडूने ते दारातलं लाकडी स्टूल दाखवायचे आणि गिऱ्हाईक निमूट चढायचं. कसबा पेठेतल्या त्या बोळात आमच्यापैकी प्रत्येकाने नवी पँट घालून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर पुतळ्यासारखं उभं राहण्याचा मान घेतलेला आहे. माझ्या बहिणीने एकदा रिक्षातून जाताना मला तसं पाहिलं. ती अजून त्यावरून बोलते.

कारण साधं होतं. मास्तरांना वाकता येत नसे. पोट आडवं यायचं आणि गुडघे ऐकायचे नाहीत. पँट खाली किती दुमडायची याची खूण करायला शिंप्याला जमिनीवर बसावं लागतं. मास्तर खुर्चीवर बसत आणि गिऱ्हाइकालाच वर चढवत.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, "आत दोन इंच ठेवलेत." शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडल्याशिवाय त्यांनी कोणाची पँट शिवली नाही. "माणूस फुगतो, साहेब. लग्नानंतर तर फुगतोच." माझ्या पँटीत ते अडीच इंच ठेवायचे. मी त्याचा अर्थ कधी विचारला नाही.

साखर वाढली, गुडघे पार गेले, तेव्हा डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. मास्तरांनी भात सोडला, गोड सोडलं, बटाटा सोडला. वजनाने मात्र त्यांना सोडलं नाही. मग कोणीतरी पोटाच्या ऑपरेशनचं नाव काढलं आणि पुढचं वर्षभर बोळात दुसरा विषय नव्हता.

या बाबतीत मास्तरांकडे स्वतःचा पुरावा होता. ऑपरेशन झालेली माणसं कपडे लहान करायला त्यांच्याचकडे यायची. एक निवृत्त कारकून पर्वती चढून थेट दुकानात आले, नुसतं ते सांगायला. उलट बिबवेवाडीचे एक बिल्डर सोळा पँटी घेऊन आले आणि म्हणाले, "मास्तर, समदं जादा कापड कापून टाका. म्या काय परत त्या मापात जात नाय." मास्तरांनी मान डोलावली आणि सगळं कापड गुपचूप आत दुमडून ठेवलं. दोन वर्षांनी भर दुपारी, दुकानात कोणी नाही असं बघून बिल्डर परत आले. "मास्तर, काय करता येतंय का?" मास्तरांनी एक शब्द न बोलता सोळाच्या सोळा उसवल्या. न बोलणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे, कारण संध्याकाळी ते सगळं मला बोलले.

मी ऑपरेशनच्या विरोधात होतो. खरं सांगायचं तर स्वार्थ होता. दर ईदला मी त्यांच्या घरी जेवायला असायचो. भाभींची बिर्याणी आणि नंतर शीरखुर्मा, आम्ही दोघं वाटीला वाटी लावून खायचो. शिवाय मास्तरांच्या शेजारी बसलं की मी सडपातळ दिसायचो.

शेवटी आम्ही सर्जनकडे गेलो. डॉक्टर तरुण होते, शांत होते. मास्तरांनी माप घेणाऱ्याच्या थाटात सुरुवात केली.

"किती कापणार?"

"जठराचा बराचसा भाग."

"आत दुमडून नाही ठेवत?"

"नाही. कापलेला भाग काढून टाकतो."

"म्हणजे परत उसवता येणार नाही."

"नाही," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी पुढचंही सांगितलं. टाक्यांतून गळती होऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित जीवही जातो. गोळ्या जन्मभर. खाण्यावर ताबा राहिला नाही तर वजन परत चढतं. "काही जणांना पश्चात्ताप होतो," ते म्हणाले. "पण न केल्याचाही होतो. तुमच्या बाबतीत मी करा म्हणेन. ठरवायचं तुम्ही."

जिना उतरताना मी म्हटलं, "बघा, जिवाचा धोका आहे."

"शिंपी चांगला आहे," मास्तर म्हणाले. "चुकू शकतं असं आधी सांगतो. मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही."

तरी त्यांचं ठरेना. मग एका संध्याकाळी दुकानात बसून मी हुकमाचं पान टाकलं. "आणि शीरखुर्मा?"

मास्तरांनी हातातला खडू मशीनवर ठेवला. मग म्हणाले, "मशिदीत मी मागच्या रांगेत खुर्चीवर बसून नमाज पढतो. नऊ वर्षं झाली. चालतं तसं, सवलत आहे. पण कपाळ जमिनीला टेकलं पाहिजे, साहेब. हवेत टेकवून टेकवून कंटाळलो मी."

वर्षभर मी त्यांच्याशी बिर्याणीबद्दल वाद घालत होतो, याची मला फार लाज वाटली.

ऑपरेशनला आत नेताना मास्तर डॉक्टरांना म्हणाले, "दोनदा मोजा, मग कापा." भाभी रडता रडता हसल्या.

मास्तर वाचले आणि उतरू लागले. इतके, की बोळात लोक त्यांना त्यांचाच धाकटा भाऊ समजून मास्तरांची चौकशी करायचे. मास्तरही, "भाऊ बरा आहे," म्हणून सांगून टाकायचे. स्वतःचे कुर्ते त्यांनी लहान केले, पण कापले नाहीत. "इतना कपडा अंदर रख के क्या करोगे?" भाभींनी विचारलं. "राहू दे," मास्तर म्हणाले.

ईदला मात्र त्यांनी दोन चमचे शीरखुर्मा घेतला आणि वाटी खाली ठेवली. मग माझ्या वाटीकडे बघत बसले. तिसऱ्यांदा मागायचं धाडस मला झालं नाही.

"पश्चात्ताप होतो का?" मी विचारलं.

"गुडघ्यांना विचारा, नाही म्हणतील," मास्तर म्हणाले. "जिभेला विचारू नका." ते हसले, पण ती अर्धी वाटी भाभी उचलून नेईपर्यंत त्यांची नजर तिच्यावरून हलली नाही.

मास्तरांना जाऊन आता चार वर्षं झाली. ऑपरेशनचा त्याच्याशी संबंध नव्हता, साध्या तापाचं निमित्त झालं. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. माझ्या पँटीतले अडीच इंच कधीच संपले, आणि नवा शिंपी आत काही ठेवत नाही.

पण मला आठवतो तो ऑपरेशननंतर सहा-सात महिन्यांनी आलेला एक दिवस. नवी पँट घालून मी सवयीने स्टुलावर चढलो.

"उतरा," मास्तर म्हणाले.

मी उतरलो. मशीनला एक हात धरून ते हळूहळू खाली गेले. एक गुडघा टेकला, मग दुसरा. माझ्या पायाशी बसून त्यांनी खडूने खूण केली. खूण झाली तरी उठेनात. मी घाबरून हात पुढे केला.

"उठता येत नाहीये का, मास्तर?"

"येतंय ना," ते खालूनच म्हणाले. "म्हणून तर बसलोय."