काळूराममामांचा शिंपला

काळूराममामा शाळेत यायचे ते बहुतेक वेळा खाडीवरचं काहीतरी हातात घेऊन. आमच्या कळव्याच्या शाळेत ते शिपाई होते आणि मी नव्याने लागलेली विज्ञानाची शिक्षिका. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या स्वच्छ पुसलेल्या टेबलावर वाळलेल्या गाळाची एक खपली ठेवली. तिच्यावर बगळ्याची तीन पावलं होती.

"मामा, हे आधी उचला."

"उचलतो बाई. पन बगा तर. बगला परवाच गेला, पाय हितंच हायत. वर दुसरा गाल बसला की झाकून ऱ्हानार."

मी जीवाश्मांचा धडा व्याख्या, प्रकार, आकृती अशा क्रमाने शिकवायची आणि मुलं जांभया द्यायची. एकदा प्राचार्यांनी बोलावलं म्हणून मी वर्ग अर्धवट सोडून गेले. परतले तर मामा फळ्यापाशी उभे होते आणि अख्खा वर्ग चिडीचूप. ओल्या मातीत शिंपला दाबून त्यांनी अलगद काढून घेतला होता.

"समजा, शिंपला इरघलून गेला. जागा तर ऱ्हायली? ह्यो साचा." त्या खळग्यात त्यांनी प्लास्टर ओतलं. घट्ट झाल्यावर पांढरा शिंपला बाहेर आला. "दगडात पान्यातले क्षार भरतात, त्याला लाखो वर्सं लागतात. आपल्याला मधल्या सुट्टीच्या आत उरकायचंय."

मुलं हसली. मी दारातच थांबून त्यांचं पुढचं ऐकू लागले. गाळाखाली लवकर गाडलं गेलेलं लाकूड कुजत नाही, खनिजं त्यात कणाकणाने शिरतात आणि त्याचा दगड होतो. झाडाच्या चिकात अडकलेला किडा चिकासकट टिकतो. पावलाच्या ठशात प्राण्याचं अंग नसतं, पण दगड झाल्यावर तोही जीवाश्मच. हे सगळं त्यांनी कपाट पुसताना माझंच पुस्तक वाचून जमवलं होतं. चिखलाची माहिती मात्र घरची.

त्याच सुमारास प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी झाली. मामा रात्रशाळेतून दहावी झाले होते. त्यांनी संकोचत विचारलं, "बाई, तपासनीला सायब येतील तवा माझ्यासाठी येक शब्द टाकाल?"

"टाकीन की," मी म्हणाले.

तपासणीच्या दिवशी मी मामांचाच पाठ घेतला. तीच माती, तेच प्लास्टर, मधल्या सुट्टीचा विनोदसुद्धा तोच. साहेब खूश झाले. "ही कल्पना कोणाची?" त्यांनी विचारलं. मामा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. मी खाली पाहून हसले. प्राचार्य म्हणाले, "आमच्या बाई फार हौशी आहेत." मी तरीही काही बोलले नाही. मामांसाठी शब्द टाकायचा तर पाठ कोणाचा तेही सांगावं लागलं असतं.

मामा पुढे आले. "बाई लय मेहनत घेतात, सायब," म्हणाले आणि कप ठेवून गेले.

जागेवर बाहेरचा मुलगा आला. कोणती बाटली कुठे असते, हे त्याला मामांनीच दाखवलं. महिन्याभराने मी म्हणाले, "मामा, त्या दिवशी सांगायचं राहूनच गेलं."

"असू द्या, बाई. तुमची नोकरी नवीन व्हती."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. त्यानंतरही माझं टेबल रोज पुसलेलं असायचं, पण त्यावर खाडीवरचं काही कधी आलं नाही. शिपाई म्हणूनच ते निवृत्त झाले. ते वारल्याचं मला उशिरा कळलं. मी राहते त्या वर्तकनगरहून कळवा काही लांब नाही, तरी मी त्यांच्या घरी गेले नाही.

अन्वी, मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर मी तुला आणि तुझ्या भावाला, कबीरला, प्लास्टरचा शिंपला करायला शिकवला. तुझ्या प्रकल्पावर तू लिहिलंस, 'कल्पना: माझी आजी'. तुझ्या बाबाने कौतुक केलं आणि मी पुन्हा गप्प बसले. ते नाव खोड. तिथे काळूराम भोईर असं लिही. शिक्षिकेने हुद्दा विचारला तर शिपाई सांग. दुसरा मी त्यांना मिळू दिला नाही.