फक्कीवालीनं दाखवलेली भेग

फक्कीवाली चप्पल घालून मैदानात कधी गेली नाही. आमच्याकडचा मे महिना कसा असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. त्या उन्हातही ती काठावर चपला काढायची, पदर खोचायची आणि टाच आधी टेकवत पूर्ण मैदान चालून यायची. मग खुंट्या, मग सुतळी, मग फक्की. मी एकदा म्हटलं, पाय भाजतील तुझे. तर म्हणाली, "चपलीनं जमीन मुकी होते. मले तिच्याशी बोलाचं हाय, तुमच्याशी नाई."

ती माझी बायको. फुटबॉलच्या मैदानावर चुन्याच्या भुकटीच्या पांढऱ्या रेघा असतात, त्या मारायचं काम तिचं. भुकटीला फक्की म्हणतात म्हणून ती फक्कीवाली. तिचं नाव रेशनकार्डावर तेवढं राहिलं. शेवटी शेवटी मीही तिला त्याच नावानं हाक मारायचो आणि ती ओ द्यायची.

मी चौथी शिकलो. राजुऱ्याकडं जमिनीखालची कोळशाची खाण होती, तिच्यात तीस वर्षं छताला लाकडाचे टेकू लावले. म्हणून मी मिस्त्री. खाण बंद झाली, आम्ही कॉलनीतच राहिलो. खाणीवरचं मैदान एका ठेकेदारानं घेतलं आणि तिथं फुटबॉलचा क्लब काढला. पगारी पोरं आणली, कोच आणला, मॅनेजर बसवला. मला मैदानाची राखण दिली. रेघा मारायला माणूस मिळेना, तर ही म्हणाली, मी मारतो. चूल सारवताना हिचा हात कधी हलला नव्हता. रेघही तशीच यायची, चाकूनं कापल्यासारखी.

फुटबॉल तिला कोणी शिकवला नाही, पाहून पाहून आला. शेजारच्या बायकांना लीग आणि कप यातला फरक कळेना. लीगमध्ये प्रत्येक संघाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या, आणि शेवटी ज्याचे पॉइंट जास्त तो जिंकला. कपात हरला की बाहेर. तिनं नळावर असं समजावलं, "लीग म्हंजे संसार बापा. एक दिवस भाजी खारट झाली तं चालते. कप म्हंजे सोयरीक. एकदा मोडली तं मोडली." मॅनेजरनं ते ऐकलं आणि पुढं पाहुण्यांपुढं स्वतःचं म्हणून सांगत सुटला.

पोट्ट्यांना ती लय बोलायची. बुटानं कोणी रेघ पुसली की तिथूनच ओरडायची, "काऊन रे, तुया बापानं टाकली का ते फक्की?" सगळ्यात जास्त बोलणी खायचा मल्लेश, आमचा गोलकीपर. सिरोंच्याचा, गोदावरीवर मासे धरणाऱ्यांच्या घरचा. तेलुगू त्याच्या तोंडात आधी, मराठी मागून. तिला अम्मा म्हणायचा.

"गोलात उभा राह्यतं का बाजारात रे तू?"

"अम्मा, बॉलच येत नाही माझ्याकडे. मी काय करू?"

"मंग झाडून घे गोल. रिकामा काऊन उभा हाय?"

आणि तो खरंच झाडू मारायचा. पोरं हसायची. मॅच संपल्यावर तो आमच्याकडं येऊन हिच्या हातची चटणीभाकर खायचा. नाहीतर ओट्यावर बसून फाटकी गोलची जाळी विणायचा. त्याच्या गाठी ती पाहत बसायची. म्हणायची, हा पोट्टा गोल खाईन, पन गाठ सुटू देनार नाई.

त्या वर्षी क्लब जोरात होता. दिवाळीनंतर लीग सुरू झाली. संक्रांतीपर्यंत आम्ही सगळ्यांच्या वर. कपातही दोन फेऱ्या जिंकल्या. रविवारी मैदानाच्या चारही बाजूंनी माणूस. झाडावर पोरं, भिंतीवर पोरं. खाण बंद झाल्यापासून कॉलनीत एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

संक्रांतीनंतर एका सकाळी ती मैदानातून परत आली आणि चहा घेतला नाही. म्हणाली, "उत्तरेच्या गोलाकडं भेग पडली."

मी हसलो. काळी जमीन. पाणी सुटलं की उकलतेच. शेताशेतात भेगा असतात.

"शेतातली भेग वाकडीतिकडी जाते," ती म्हणाली. "जाळं होते तिचं. हे तशी नाई. एकटीच चालली. गोलाच्या मागून निघाली अन् वळून राह्यली, कमानीवानी."

"माती टाक अन् दाबून घे."

तिनं टाकली. दोन घमेली. दुसऱ्या दिवशी भेग पुन्हा उघडी. तिनं चार टाकली. तिसऱ्या दिवशी मला हात धरून घेऊन गेली. "काल भरली. आज गिळली. जाते कुठी माती?" ती खाली बसली, भेगेवर हात धरला आणि मलाही धरायला लावला. बाहेर ऊन चढत होतं आणि भेगेतून गार वारा येत होता. त्या वाऱ्याला वास होता. ओल्या, सडक्या लाकडाचा.

तो वास मी तीस वर्षं छातीत घेतला आहे. मी तो ओळखला. ओळखला आणि म्हणालो, "ओल असंन खाली. चाल घरी."

हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. कोणाला सांगितलं नव्हतं.

पुढं ती गप्प बसली नाही. सुतळी ताणली की दाखवायची, गोलाची रेघ मधून खाली बसलेली. मल्लेशही एक दिवस म्हणाला की बॉल ठेवला तर आपोआप मागं जातो. पोरं त्याला चिडवायला लागली, गोल खायचं निमित्त काढलं म्हणून. तेवढ्यात कपाची सेमीफायनल आमच्या मैदानावर लागली. ग्राउंड नापास झालं तर मॅच नागपूरला जाणार, लीगच्या घरच्या मॅचचेही पॉइंट अडकणार. मॅनेजर कागद घेऊन आला. म्हणाला, मिस्त्रीसाहेब, खाली काय आहे ते तुमच्याएवढं कोणाला माहीत? मैदान पक्कं आहे म्हणून सही द्या.

मला साहेब कोणी कधी म्हटलं नव्हतं.

पोरं जमली होती, कोच होता. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "सही करू नका. तिथी खाली पोकय हाय."

"पोकळ कसं राहीन? वाळू भरली होती खाण बंद करताना," मी म्हणालो.

"तुमी पाह्यली भरताना?"

मी पाहिली नव्हती. कागदावर भरली होती. पण बायकोनं चारचौघांत मला अडवलं, माझ्याच कामात, याचा राग डोक्यात गेला. मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली आणि उत्तरेच्या गोलापर्यंत गेलो. खाणीत छत असंच तपासतात. सब्बलीनं ठोकायचं. खणखणीत वाजलं तर पक्कं, भदभदलं तर पळायचं. मी सगळ्यांसमोर दहा ठिकाणी ठोकलं. दहाही ठिकाणी खणखणीत. उन्हानं वाळलेली काळी माती दगडासारखीच वाजणार. खाणीत मी छत खालून वाजवायचो. इथं मी छतावर उभा राहून वाजवत होतो. एवढा साधा फरक तीस वर्षांच्या मिस्त्रीला कळला नाही. मी सही केली.

ती म्हणाली, "मी उत्तरेकडं फक्की टाकत नाई."

"नको टाकू. मी टाकतो."

"तुमाले वाकता येते का?" माझे गुडघे गेलेले आहेत, तिला माहीत होतं.

"वाकीन नाईतं लोळीन. तुले काय कराचं हाय?"

त्यानंतर आम्ही चार दिवस बोललो नाही. जेवण वाढायची, ताट उचलायची. मी रुसलो होतो. चाळीस वर्षांच्या संसारात शेवटचे चार चांगले दिवस मी रुसण्यात घालवले.

मॅचच्या दिवशी मी उठलो तर ती घरात नव्हती. फक्कीचं घमेलंही नव्हतं. मी वाकून रेघा मारायला जाणार हे तिला माहीत होतं, म्हणून ती माझ्या आधी निघून गेली. मला हे दारातच कळलं. या गुडघ्यांना जमेल तेवढा मी पळालो. आवाज आला तेव्हा मी रस्त्यावर होतो. मोठा नव्हता. गोणी ट्रकातून टाकावी तसा.

उत्तरेचा गोल एका खांबावर कलला होता. त्याच्यापुढं खड्डा, आख्खं घर मावेल एवढा, आणि त्यातून पांढरा धूर निघत होता. ती फक्की होती. मल्लेश काही पोरांसोबत सरावाला लवकर आला होता. त्यानं कोणाची वाट पाहिली नाही. दातानं गाठी तोडून गोलची जाळी सोडवली, पिळून दोर केला, कमरेला बांधला आणि खाली उतरला. वर पोरांनी धरलं. खालून तो सारखा ओरडत होता, "अम्मा, माट्लाडू, अम्मा!" म्हणजे बोल, बोल. ती दोन पुरुष खोल होती, छातीपर्यंत मातीत. त्यानं हातानं माती काढली, तिला जाळीत बांधली आणि पोरांनी वर ओढली. मी काठावर उभा होतो. त्यांनी मला जवळ येऊ दिलं नाही, काठ तुटत होता.

चंद्रपूरला दवाखान्यात ती आठ दिवस होती. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले. पहिलं विचारलं, "मॅच झाली?"

"नाई."

"बरं झालं." मग थोड्या वेळानं, "मल्लेशचा हात बरा हाय का? माती काढताना फाडला होता त्यानं."

मी सांगितलं, बरा आहे. मी तिच्या पायाशी बसायचो. नर्स म्हणायची बाबा, डोक्याकडं बसा, त्यांना ऐकू येतं. मी पायाशीच बसायचो. त्या आठ दिवसांत तिनं एकदाही म्हटलं नाही की मी सांगितलं होतं. म्हटलं असतं तर मला बरं झालं असतं. शेवटच्या दिवशी तिनं एवढंच म्हटलं, "तुमी जेवले का?" मी हो म्हणालो. तेही खोटंच.

लोक म्हणतात, चार वाजता मॅचला तिथं हजार माणूस असतं, तिनं हजार जीव वाचवले. तेराव्याला मॅनेजरनं तसं भाषण केलं. मी मधेच उठून गेलो. ती कोणाला वाचवायला गेली नव्हती. तिचा नवरा हट्टी होता म्हणून गेली होती.

सेमीफायनल नागपूरला झाली. आमची पोरं हातावर काळी पट्टी बांधून खेळली आणि हरली. मल्लेश फाटका हात घेऊन गोलात उभा राहिला. लीगच्या घरच्या दोन मॅच उरल्या होत्या. एक जिंकली तरी लीग आमची होती. मॅनेजरनं रस्त्यापलीकडचं शाळेचं मैदान पाहिलं आणि पुन्हा कागद घेऊन माझ्या दारात आला. आवाज हळू होता यावेळी. म्हणाला, फक्त एक शब्द द्या मिस्त्री, खाली काय आहे?

मी म्हणालो, "मले माहीत नाई."

आयुष्यात हे मी कोणाला पहिल्यांदाच म्हटलं. तो म्हणाला, असं कसं, तीस वर्षं होते तुम्ही. मी म्हणालो, मशीन आन, भोकं पाड, मंग खेळ. तो म्हणाला, त्याला पंधरा दिवस लागतील. तोवर मॅच जाते, पॉइंट जातात. तो चिडला. "तुमच्या एका शब्दापायी लीग जाईल."

"एका शब्दापायी बायको गेली," मी म्हणालो. "लीगचं काय घेऊन बसला?"

मल्लेश आणि बाकीच्या पोरांनी सांगितलं, भोकं पाडल्याशिवाय आम्ही बूट घालत नाही. कोणी त्यांना शिकवलं नव्हतं. दोन्ही मॅच न खेळता गेल्या, लीगही गेली. पगार थांबले. पोरं एकेक करून गावाला निघून गेली. मल्लेश सगळ्यात शेवटी गेला. माझ्या पाया पडला, घराच्या आत पाहिलं आणि बॅग उचलली.

मशीन नंतर आली. तोवर क्लबला गरज उरली नव्हती, पण पैसे भरलेले होते म्हणून त्यांनी शाळेच्या मैदानात भोकं पाडली. पहिलं पक्कं निघालं, दुसरंही. तिसऱ्यात चाळीस फुटांवर नळी एकदम पोकळीत सुटली आणि खाली काही लागेना. तिथून शाळेची भिंत वीस पावलं. भिंतीमागं आमच्या कॉलनीतल्या घरांची पहिली लाइन.

आता मी रोज सकाळी खाणीच्या जुन्या ऑफिसात जाऊन बसतो. नकाशा मागतो. कुठं कोळसा काढला, कुठं वाळू भरली, कुठं भरलीच नाही, ते सगळं दाखवा म्हणतो. ते म्हणतात साहेब नाहीत, उद्या या. मी उद्या जातो. परवा तिथला नवा कारकून वैतागला. फाइल उघडून माझ्यापुढं केली आणि म्हणाला, "काका, क्लबनं इथं दिलेल्या कागदावर तर तुमचीच सही आहे. मैदान पक्कं आहे म्हणून तुम्हीच लिहून दिलं होतं ना?"

मी म्हणालो, "हो. म्हनूनच आलो."